नऊ महिन्यांचे जवान

कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत सातव्या अनुच्छेदात एक तरतूद आहे. तात्पुरत्या नेमणुकीवरच्या माणसाला सलग बारा महिन्यांत नऊ महिन्यांहून जास्त काळ ठेवता येत नाही. हेतू साधा होता, वशिल्याने आत घेतलेली माणसं कायमची चिकटून बसू नयेत. वणव्याशी तिचा काही संबंध नाही. पण कॅल फायर या राज्याच्या वन आणि अग्निसंरक्षण खात्यात ‘फायरफायटर वन’ म्हणून लागणाऱ्या पोराचं वर्ष याच तरतुदीवर टांगलेलं असतं. उन्हाळ्याच्या तोंडावर बोलावणं येतं आणि पहिले दोन-चार चांगले पाऊस झाले की हातात नारळ.

‘पहिला पाऊस’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जून येतो. तिकडे हिशेब उलटा आहे. पाऊस पडतो तो साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. खरा धोका उन्हाळा सरताना असतो. पाच-सहा महिने वाळलेलं गवत आणि झुडपं उभी असतात, आणि त्यातच वाळवंटाकडून समुद्राकडे कोरडे वारे सुटतात. दक्षिणेत त्यांना सँटा आना म्हणतात, उत्तरेत डियाब्लो. आपल्या वन खात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा ठरलेला, मग मृग येतो आणि विषय संपतो. कॅलिफोर्नियातही असाच ढोबळ हंगाम धरून चालत, मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर. माणसं हंगामी का, याचं मूळ उत्तर एवढंच.

सुरुवातीला तर पगारी माणूसच नव्हता. राज्याने १८८५ मध्ये वनमंडळ नेमलं आणि १८९३ मध्ये ते गुंडाळलं. १९०५ च्या कायद्याने राज्य वनाधिकारी हे पद आलं आणि त्याच्या हाताखाली फायर वॉर्डन नेमले गेले. त्यांना पगार नव्हता, अधिकार होता. आग लागली की आसपासच्या धडधाकट पुरुषांना कामाला जुंपायचं. खर्च कौंटीने, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याने, सोसायचा. राज्याच्या तिजोरीतून पगार घेणारे पहिले मोजके रेंजर १९१९ च्या सुमारास आले. पुढे १९२७ मध्ये वन विभाग स्थापन झाला, त्याचंच आजचं रूप म्हणजे कॅल फायर.

हत्यारंही त्याच काळातली. १९०५ मध्ये सिएरा राष्ट्रीय वनातल्या मॅक्लाउड नावाच्या रेंजरने एका दांड्यावर दोन अवजारं बसवली, एका बाजूला दाताळं आणि दुसऱ्या बाजूला रुंद खोरं. १९१० मध्ये आयडाहो-मोंटानात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. त्यानंतर एड पुलास्की या वनरेंजरचं अवजार रूढ झालं, एकीकडे कुऱ्हाड, दुसरीकडे कुदळ. आजही हंगामी जवानाच्या हातात हीच दोन असतात. काम तेच, आपल्याकडे ज्याला जाळरेषा म्हणतात ती काढायची. गवत, पाला, मुळं खरवडून खालची माती उघडी पाडायची, म्हणजे आगीला खायला काही उरत नाही. विमानातून लाल रसायन सोडतानाची दृश्यं टीव्हीवर छान दिसतात, पण आगीची कडा शेवटी दाताळ्यानेच थांबवावी लागते.

पाणी नेण्याची रीत बघण्यासारखी आहे. साधारण दोन हजार लिटरची टाकी असलेली गाडी रस्त्यावर थांबते आणि नळी डोंगरावर चढते. पुढचा जवान नोझल धरून आग मारत जातो. नळी संपली की मागचा ती चिमट्याने दाबून पाणी अडवतो, पाठीवरच्या पिशवीतून शंभर फुटांची पुढची नळी काढून जोडतो आणि चिमटा सोडतो. पुन्हा शंभर फूट. हे चढावर, धुरात, पिवळ्या जाड कपड्यांत, आणि बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या हंगामातल्या पोरांकडून.

ही हंगामी पोरं या परंपरेतली एकटी नाहीत. वणव्यापुढे उभी केलेली माणसं तिथे नेहमीच कुठून तरी उसनी आणलेली होती. ३ ऑक्टोबर १९३३ ला लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मंदीच्या दिवसांतले बेकार लोक झुडपं साफ करत होते, तासाला ४० सेंट मजुरीवर. आग लागली तेव्हा त्यांनाच फावडी घेऊन दरीत उतरवलं. प्रशिक्षण शून्य. वारा फिरला आणि अधिकृत आकड्यानुसार २९ जण गेले. जळालं होतं फक्त ४७ एकर.

दुसरा उसना हात कैद्यांचा. १९४६ मध्ये सॅन डिएगो कौंटीत रेनबो इथे पहिली कायमची कैदी-छावणी सुरू झाली आणि पुढे राज्यभर जाळरेषा काढणाऱ्या तुकड्यांचा कणा याच छावण्या बनल्या. १९५६ च्या इनाहा वणव्यात मेलेल्या ११ जणांपैकी ७ कैदी होते. त्यानंतरच अमेरिकेच्या वनसेवेने अग्निशमनाचे दहा प्रमाण आदेश काढले, जे आजही नव्या जवानाला शिकवतात.

राज्याच्या वाट्याला जमीन येते सुमारे ३ कोटी १० लाख एकर. संघराज्याची जंगलं वेगळी, शहरं वेगळी. उरलेला बहुतेक खाजगी रानमाळ राज्याने सांभाळायचा, पण हंगामापुरता. हिवाळ्यात ठाण्याला कुलूप. मग गावातल्या घराला आग लागली, रस्त्यावर अपघात झाला तर? यातून ‘अमाडोर योजना’ निघाली. हिवाळ्यात ठाणं उघडं ठेवायचं असेल तर कौंटीने राज्याला त्याचे पैसे द्यायचे. सरकारी डोकं किती बारकाईने महिने मोजतं, त्याचा हा नमुना.

१९७० च्या शरद ऋतूतल्या तेरा दिवसांत कॅलिफोर्नियात शेकडो आगी लागल्या, पाच लाखांहून जास्त एकर जळालं, १६ माणसं गेली. निरनिराळ्या खात्यांची माणसं एकाच डोंगरावर आणि रेडिओ एकमेकांशी जुळेनात. त्या गोंधळातून घटनेच्या ठिकाणी एकच आदेश-साखळी ठेवण्याची पद्धत तयार झाली. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचं मूळ तिथलं. जिल्हाधिकाऱ्याला तिच्यात जबाबदार अधिकारी म्हणतात.

मग हंगामच पसरला. थॉमस वणवा डिसेंबर २०१७ मध्ये पेटला. ८ नोव्हेंबर २०१८ ला ‘कॅम्प फायर’ नावाच्या वणव्याने पॅराडाइज गाव गिळलं, ८५ मृत्यू. २०२० मध्ये राज्यात ४० लाखांहून जास्त एकर जळालं. त्याच सुमारास कैद्यांची संख्या घटत गेली, तुरुंग सुधारणांमुळे आणि पुढे कोविडमधल्या सुटकांमुळे, आणि त्यांची दाताळी हंगामी जवानांच्या हातात आली. मार्च २०२१ मध्ये राज्याने तातडीच्या निधीतून आणखी १,३९९ जवान घ्यायला मंजुरी दिली. तेव्हा नोकरीचा आठवडा ७२ तासांचा होता, म्हणजे सलग तीन दिवस ठाण्यावर. मोठी आग लागली की सुट्टी कागदावरच राहते. तो ६६ तासांवर आणायचा करार २०२२ मध्ये जवानांच्या संघटनेशी झाला.

७ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसभोवती पॅलिसेड्स आणि ईटनचे वणवे लागले, जुन्या कॅलेंडरप्रमाणे ऐन पावसाळ्यात. हजाराच्या आसपास कैदीही तिथे जाळरेषा काढत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, प्रत्यक्ष आगीवर असताना कैद्यांना तासाला ७.२५ डॉलर देणाऱ्या कायद्यावर गव्हर्नरची सही झाली. तोवर त्या तासाचा दर एक डॉलर होता.