रेल्वे प्रतिकृतीतील इमारतींची वीजव्यवस्था

रेल्वेच्या लघुप्रतिकृतीतील स्थानक, सिग्नल केबिन, घरे, दुकाने यांच्या आत दिवे लावण्यासाठी केलेली कमी दाबाची वीजजोडणी. ती सहसा ५ ते १६ व्होल्टांवर चालते. गाडी चालवणाऱ्या विजेपासून ती वेगळी ठेवणे हा या कामातला पहिला नियम. नवशिक्यांच्या बऱ्याच तक्रारी तो न पाळल्यामुळेच उद्भवतात.

साध्या अ‍ॅनालॉग पद्धतीत गाडीचा वेग रुळांतल्या विजेच्या दाबावर ठरतो. शून्यापासून १२ व्होल्टांपर्यंत दाब वाढवला की गाडी वेग घेते, उतरवला की थांबते. स्थानकाचे दिवे याच रुळांना जोडले तर गाडी फलाटाला लागता लागता स्थानक अंधारात बुडते, म्हणजे दिवे हवेत नेमके तेव्हाच. एलईडी असेल तर आणखी गंमत होते. गाडी मागे नेण्यासाठी रुळांची धन-ऋण टोके बदलली की तो विझतो, कारण त्यातून प्रवाह एकाच दिशेने वाहतो.

डीसीसी या अंकीय पद्धतीत रुळांवर सतत पूर्ण दाब असतो, त्यामुळे दिवे तिथूनच घेण्याचा मोह होतो. (जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या तंत्रावरून अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात या पद्धतीचे मानक ठरवले.) पण इंजिनांसाठी राखलेला प्रवाह मग घरे खातात, आणि एखादा डबा रुळावरून घसरून शॉर्ट झाला की गाडीबरोबर सगळे गाव काळोखात जाते. दिव्यांचा वेगळा पुरवठा ही कल्पना मात्र जुनीच आहे. ग्योपिंगेनच्या मेर्कलिन कंपनीच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर दिव्यांसाठी १६ व्होल्ट प्रत्यावर्ती विजेची स्वतंत्र जोडणी असे: पिवळी वायर दिव्यांची, तपकिरी परतीची.

पूर्वी गव्हाच्या किंवा तांदळाच्या दाण्याएवढे तारेचे बल्ब वापरत. गव्हाएवढा १२ व्होल्टांचा बल्ब साधारण ५० मिलीअ‍ॅम्पिअर प्रवाह घेतो. असे ५० बल्ब लावले की अडीच अ‍ॅम्पिअर, म्हणजे ३० वॅट झाले, आणि त्यातला बहुतेक भाग उष्णतेतच जातो. प्लॅस्टिकच्या छताला चिकटलेला बल्ब छत वाकडे करतो. १२ व्होल्टांचा बल्ब ९ व्होल्टांवर चालवला तर तो कमी तापतो, कित्येक पटींनी जास्त टिकतो आणि त्याचा पिवळसर मंद उजेड जुन्या काळच्या घराला शोभतो.

१९९०च्या दशकात निळा तेजस्वी एलईडी आणि त्यातून पांढरा एलईडी आल्यावर हा हिशोब बदलला. तेवढेच ५० एलईडी प्रत्येकी ५ मिलीअ‍ॅम्पिअरवर लावले तर एकूण पाव अ‍ॅम्पिअर पुरतो. मात्र एलईडीला रेझिस्टर, म्हणजे प्रवाह मर्यादित ठेवणारा छोटा रोधक, हवाच. पांढऱ्या एलईडीवर सुमारे ३ व्होल्ट पडतात; १२ व्होल्टांच्या पुरवठ्यातले उरलेले ९ व्होल्ट रेझिस्टरने झेलायचे. १ किलोओहमचा रेझिस्टर (तपकिरी, काळा, लाल पट्ट्यांचा) लावला तर प्रवाह ९ मिलीअ‍ॅम्पिअर होतो. तेवढाही घराच्या आत भगभगीत दिसतो. ४.७ किलोओहम लावून प्रवाह २ मिलीअ‍ॅम्पिअरच्या आसपास आणला की खिडकी घरासारखी दिसू लागते. समांतर जोडणीत प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्यावा; अनेकांत मिळून एकच ठेवला तर काही झगझगतात, काही मिणमिणतात. लांबलचक गोदामाला किंवा फलाटाच्या छपराला १२ व्होल्टांची एलईडी पट्टी सोयीची. ती तीन-तीन एलईडींच्या तुकड्यांत कापता येते आणि रेझिस्टर तिच्यावरच असतो.

टेबलाखालून लाल आणि काळी अशा दोन जाड वायरी टोकापर्यंत न्यायच्या आणि जागोजागी त्यांना बारीक वायरींच्या फांद्या काढायच्या, ही रूढ पद्धत. पहिल्यापासून बारीक वायरच वापरली तर दूरच्या घरांपर्यंत दाब उतरतो. इमारतीच्या वायरी कायमच्या डागून (सोल्डर करून) टाकू नयेत. दोन पिनांचा कनेक्टर ठेवला की इमारत उचलून दुरुस्त करता येते.

पुरवठ्यासाठी १२ व्होल्ट डीसीचा चांगला अ‍ॅडॉप्टर पुरे. पुण्यातील तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो आणि वरचे सगळे सामान मिळते. काही जण जुन्या संगणकाचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) वापरतात. त्यात वाईट काही नाही, पण तो १०-१५ अ‍ॅम्पिअर सहज देतो, आणि शॉर्ट झाल्यास तो बंद पडण्याआधी बारीक वायरीचे आवरण वितळते. म्हणून प्रत्येक वस्तीला एक अ‍ॅम्पिअरचा स्वतंत्र फ्यूज असावा. दिवाळीच्या स्वस्त माळा मात्र यात कधीही वापरू नयेत. त्यांतल्या बऱ्याच माळा ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट २३० व्होल्टांवर चालतात, आणि त्यांचा एकेक दिवा कमी दाबाचा असला तरी उघड्या टोकाला हात लागला तर झटका घरच्या विजेचाच बसतो.

उजेड दिसतो कसा, हा निम्मा प्रश्न रंगाचा आहे. पातळ प्लॅस्टिकच्या भिंतीतून प्रकाश झिरपतो, तेव्हा भिंती आतून आधी काळ्या आणि त्या काळ्यावर पांढऱ्या रंगवतात. पुठ्ठ्याचे आडोसे घालून खोल्या वेगळ्या करतात, कारण सगळ्या खिडक्या एकसारख्या उजळल्या की गाव लग्नाच्या मांडवासारखे दिसते. वाफेच्या इंजिनांच्या काळातील स्थानकाला पिवळट उजेड, तर ट्यूबलाइटच्या काळातील भारतीय फलाटाला निळसर पांढरा उजेड योग्य ठरतो.

खोल्यांचे दिवे वेगवेगळ्या वेळी लावण्या-विझवण्याचे काम आता आर्डुइनोसारखी छोटी नियंत्रक पाटी करते. हॅम्बुर्ग येथे २००१ साली सुरू झालेल्या १:८७ प्रमाणातील मिनिआटूर वुंडरलांड या प्रदर्शनात संगणक हे सगळे सांभाळतो आणि तिथला दिवस पंधरा मिनिटांत सरतो. महाराष्ट्रात पुण्याच्या कोथरूड भागात १९९८ पासून लोकांसाठी खुले असलेले जोशी लघुरेल्वे संग्रहालय याच प्रमाणातले आहे.