केबिनमध्ये पाणी येतंय? सिलिकॉनची ट्यूब विकत आणायच्या आधी हे वाचा

आंब्याच्या पेट्या वाशीला टाकायचा सीझन संपला की गाडी जरा श्वास घेते, आणि मग जूनमध्ये पहिला धो धो पाऊस झाला की सकाळी दार उघडल्यावर कळतं की पायाखालची मॅट तरंगतेय. जुनी बोलेरो पिकअप असो, टाटाची २०७ असो नाहीतर ४०७, दहा-बारा पावसाळे काढलेली केबिन गळणारच, त्यात गाडी भंगारात काढण्यासारखं काही नाही. ४०७ तर १९८६ पासून रस्त्यावर आहे, त्यातल्या कितीतरी अजून माल ओढतायत. पण जिथे थेंब दिसला तिथे सिलिकॉन फासायचं ही जी आपल्याकडे पद्धत पडलीय ना, त्याने आमचं गॅरेजवाल्यांचं काम वाढतं आणि तुमचं बिल पण, म्हणून हे पत्रक छापलंय.

पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं भलतीकडे. टपाच्या कोपऱ्यातून आत आलेलं पाणी काचेच्या बाजूच्या खांबातून खाली उतरतं, डॅशबोर्डच्या मागे वायरिंगवरून सरकत जातं आणि क्लचच्या पेडलपाशी थेंब सोडतं, मग आपण पेडलजवळची भोकं बुजवत बसतो. वर कुंभार्ली घाट चढताना तेच पाणी सीटखाली आणि उतरताना परत पुढे, त्यामुळे डबकं कुठे आहे यावरून काही म्हणजे काही कळत नाही.

आधी एक खात्री करा, हे पाणी पावसाचंच आहे ना? बोट बुडवून बघा. चिकट लागलं, हिरवट किंवा गुलाबी दिसलं, गोडसर वास आला आणि काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल तर ते हीटरमधून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी आहे, रेडिएटरची लेव्हल बघा आणि गाडी लगेच आणा, कारण कूलंट संपलं तर इंजिन बसेल. कोरड्या दिवशी, फक्त एसी लावल्यावर स्वच्छ गार पाणी येत असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय, ते छोटं काम आहे. आणि उभ्या गाडीत पाऊस पडून थेंब येत नाही पण रस्त्यावरच्या पाण्यातून गेलं की येतं, असं असेल तर वर बघूच नका, तळाचे रबरी प्लग निघालेत किंवा चाकावरचा पत्रा सडलाय.

हे सगळं नसेल तर मग शोधायला घ्या, आणि हे तुम्ही घरी पण करू शकता. मॅट काढा, तिच्याखालचा फेल्ट, म्हणजे जाड कापडासारखा थर, तो पण काढा. फेल्ट वरून कोरडा वाटतो, पण पिळलात तर तांब्याभर पाणी सहज निघेल, आणि तो पत्र्याला चिकटून राहतो म्हणून तर फ्लोअर आतून सडतो. उन्हात टाका, ऊन नसेल तर पंख्याखाली. उघडा झालेला पत्रा पुसून कोरडा करा आणि त्यावर टाल्कम पावडर नाहीतर खडूची भुकटी शिंपडा, पाणी जिथून वाहील तिथे भुकटीत रेघ उमटते आणि ती रेघ धरून मागे मागे जायचं.

पाणी मारायला बागेचा साधा पाइप घ्या, वॉशिंग सेंटरचं प्रेशर नको, त्या जोराने चांगल्या रबरातून पण पाणी घुसतं आणि तुम्ही नको ते खोलून बसता. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर. सुरुवात खालून करायची, हे महत्त्वाचं आहे, कारण टपावरून पाणी सोडलंत तर ते सगळीकडून ओघळतं आणि काय गळतंय ते समजत नाही. आधी दाराचा खालचा भाग, मग वायपरची जाळी, मग काचेची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, शेवटी टप, आणि प्रत्येक ठिकाणी पाच-सात मिनिटं धीर धरायचा कारण पोकळीतून पाणी यायला वेळ लागतो. आतल्या माणसाने ओरडलं की पाइप तिथेच थांबवायचा आणि त्या जागेवर खडूने खूण करायची, नंतर आठवेल म्हणून सोडायचं नाही.

दाराच्या रबराला वेगळी युक्ती आहे, दारात दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा, सगळीकडे सारखी घट्ट लागली पाहिजे, जिथे सुळकन निघते तिथे रबर दबून चपटं झालंय किंवा दार बिजागरीत उतरलंय. दार उतरलं असेल तर नवीन रबर लावून फरक पडत नाही, आधी दार सेट करावं लागतं. अजून एक, ब्लोअर बाहेरच्या हवेवर ठेवून फुल करा, काचा-दारं बंद, आणि बाहेरून रबराच्या कडेला साबणाचं पाणी लावा. जिथे बुडबुडे, तिथे फट.

कुठे सापडतं

सगळ्यात आधी वायपरखालची जाळी. गाडी आंब्याच्या नाहीतर जांभळाच्या झाडाखाली लावायची आणि वर्षभर ती जाळी उघडायची नाही, मग खाली पानांचा चिखल होतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि पाणी भरून ब्लोअरमधून आत येतं. याला सीलंट लागत नाही, हाताने पानं काढा नि मगभर पाणी ओता, खाली चाकाजवळ पडलं की झालं.

दुसरं पुढच्या काचेचं रबर. उन्हाने कडक होतं, आखडतं, खालच्या कोपऱ्यात फट पडते. रबराच्या कडेला रंग फुगलेला दिसला तर समजा की आत पत्रा गंजलाय आणि नुसतं रबर बदलून भागणार नाही.

दाराबद्दल बऱ्याच लोकांचा गैरसमज असतो. दाराच्या आत पाणी जाणं नॉर्मल आहे, ते काचेच्या कडेने आत जाणारच आणि खालच्या भोकांतून बाहेर पडणार, तशीच रचना असते. दार हलवल्यावर आत डुचमळल्याचा आवाज आला म्हणजे ती भोकं बुजलीत, एखाद्या तारेने मोकळी करा, आणि अंडरकोटिंग करताना कोणी त्यावर डांबर मारलं असेल तर खरवडून काढा. ती भोकं बंद करू नका, हात जोडून सांगतो. आणि स्पीकर बसवताना आतला प्लास्टिकचा कागद फाडला असेल तर तो परत नीट चिकटवावा लागतो, नाहीतर पाणी दाराच्या आतल्या पॅडवरून सरळ पायात.

बाकी मग टपावरच्या कॅरियरचे आणि दिव्यांचे बोल्ट, टपाच्या पन्हळीतला तडकलेला जोड, मागच्या काचेचं रबर, आणि हॉर्न, म्युझिक, जीपीएसच्या वायरी ओढायला कोणीतरी पुढच्या पत्र्याला पाडलेली बिनरबराची भोकं. ताडपत्री केबिनच्या मागे लोंबकळत ठेवली तर सगळं पाणी मागच्या भिंतीवर येतं. मासळीच्या गाड्यांचं दुखणं याहून मोठं, बर्फाचं खारं पाणी मागच्या पत्र्यावर उडत राहतं आणि तो पत्रा बाकीच्यांच्या कितीतरी आधी जातो, त्यामुळे मासळीवाल्यांनी रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने मागची भिंत धुवाच.

आम्ही काय करतो, काय करत नाही

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आम्ही केबिनला लावत नाही. सुकताना त्यातून आम्ल सुटतं, उघडा पत्रा गंजतो, आणि नंतर त्यावर रंग धरत नाही. दोन गोळ्या मळून लावायची पुट्टी पण नाही, ती दगडासारखी कडक होते आणि केबिन तर खड्ड्यागणिक वळते, मग ती तडकणार. आम्ही पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट वापरतो, ते सुकल्यावरही रबरासारखं लवचिक राहतं. ते हवेतल्या दमटपणावरच सुकतं, पण लावताना पत्रा मात्र कोरडा ठणठणीत पाहिजे, म्हणून पावसात गाडी शेडमध्ये घेऊन आधी हॉट गनने सुकवतो. मग एक रात्र गाडी हलवायची नाही. सकाळी भाडं आहे, लवकर द्या, असं कृपया करू नका.

काचेचं रबर बदलताना काच पूर्ण बाहेर येते. नवीन रबर काचेला चढवून त्याच्या पत्र्यावर बसणाऱ्या खाचेत दोरी फिरवतो, साबणाचं पाणी लावून काच चौकटीवर टेकवतो, मग एकजण बाहेरून तळहाताने थोपटतो आणि दुसरा आतून दोरी हळूहळू ओढत जातो, तशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावर चढत जाते. काच जुनी असेल, कडेला चीर असेल तर काढताना फुटू शकते, हे आधी बघून तुम्हाला दाखवतो आणि विचारूनच हात लावतो.

पत्रा सडला असेल तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, २० गेज जाडीचा तुकडा वेल्ड करायचा, प्राइमर, जोडावर सीलंट, मग रंग. वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देणारे आहेत, स्वस्तात होतं, पुढच्या पावसाळ्यात फुगतं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची केबल काढतो आणि नवीन इंजिनच्या गाड्यांचा ईसीएमचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा कनेक्टर पण, कारण तो उडाला तर पत्र्याच्या कामाच्या कितीतरी पट खर्च आहे. इंडिकेटर आपोआप लागणं, फ्यूज सारखे उडणं, असं काही ओलाव्यामुळे सुरू झालं असेल तर येतानाच सांगा, म्हणजे ऑटो इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलावून घेतो.

पाणी मारून शोधायचे पैसे वेगळे आहेत, काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा. गाडी रिकामी आणा, सीटमागचे कागदपत्र, जॅक, देव सगळं काढून ठेवा, आणि शक्यतो मे महिन्यातच या, जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या दारात रांग असते.