घर सोसायटीचं, शेअर सभासदाचे

मुंबईत फ्लॅट घेणाऱ्याला सोसायटीकडून एक शेअर सर्टिफिकेट मिळतं. पन्नास-पन्नास रुपयांचे पाच किंवा दहा शेअर, बस्स. कोटीच्या घरापुढे ही रक्कम हास्यास्पद वाटते, पण सगळा व्यवहार तिच्यावरच उभा आहे.

१९०४चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२च्या कायद्याने इतर संस्थांनाही वाट मिळाली आणि १९१५ मध्ये गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. ही आशियातली पहिली गृहनिर्माण संस्था मानली जाते. तिच्यामागे होते श्रीपाद सुब्राव तालमकी. आज एसव्हीसी (शामराव विठ्ठल) बँक म्हणून ओळखली जाणारी पतसंस्थाही १९०६ मध्ये त्यांनीच काढली होती. ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाची. कारवार-कुमठ्याकडून नोकरीसाठी आलेल्या पगारदाराला मुंबईत एकट्याने जागा घेऊन घर बांधणं झेपणारं नव्हतं. माणसं एकमेकांच्या ओळखीची, म्हणून उधारीला विश्वास होता. ती जातीची ओळख होती, हेही सांगायला हवं. सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात वैध ठरवला.

या संस्थांचा एक ठरलेला प्रकार म्हणजे टेनंट को-पार्टनरशिप. जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची. सभासद शेअर घेतो आणि त्या जोरावर खोल्यांचा ताबा मिळवतो. म्हणजे तो स्वतःच्याच संस्थेचा भाडेकरू. घर स्वस्त राहण्याची शक्यता इथेच होती, कारण सभासदाचा वाटा, म्हणजे शेअर, संस्थेच्या नियमांनी बांधलेला होता.

मग १९४७चा भाडे नियंत्रण कायदा आला. भाडी साधारण १९४०च्या पातळीवर गोठली, भाड्याने द्यायला इमारती बांधण्यात मालकांना राम उरला नाही. बिल्डर ‘ओनरशिप’चे फ्लॅट विकू लागले आणि सोसायटी शेवटी, घरं विकून झाल्यावर स्थापन होऊ लागली. माझ्या मते खरा उलटफेर हाच: पूर्वी माणसं जमून घर उभं करत, आता घर विकलं गेल्यावर माणसं जमवली जातात. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका प्रकरणात सभासदाचा ताब्याचा हक्क ही जप्त करून विकता येणारी मालमत्ता असल्याचं म्हटलं. वाटा आता बाजारात उतरला होता. हस्तांतरणावर सोसायटी घेऊ शकेल ते प्रीमियम मात्र महापालिका क्षेत्रात पंचवीस हजारांवर अडवलेलं, त्यामुळे वाढलेल्या किमतीतलं जवळजवळ काहीच संस्थेकडे येत नाही.

१९६३च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याने सोसायटी काढून देणं आणि तिच्या नावे कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीच्या मालकीचं हस्तांतरण, करणं बिल्डरवर बंधनकारक केलं. अनेकांनी ते टाळलं. शेवटी २००८च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने टाळलं तरी सोसायटीच्या नावे होणारं डीम्ड कन्व्हेयन्स, आणावं लागलं. तरीही पुनर्विकासाचा विषय निघाल्यावर आपल्या इमारतीखालची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे, हे कितीतरी सोसायट्यांना सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढल्यावर कळतं.