लिसी: आपल्या बाद्यानची अरुणाचली बहीण

गोडा मसाला घरी करणाऱ्यांना बाद्यान नवं नाही. कुणी त्याला चक्रीफूल म्हणतं, पण ते फूल नव्हे, वाळलेलं फळ. मसाल्यात पडण्याआधी एक अख्खं बाद्यान उजेडात नीट बघा. मधल्या दांड्याभोवती साधारण आठ होड्या दिसतील. प्रत्येक होडी वरच्या कडेनं उकललेली आणि आत एकच तुळतुळीत तपकिरी बी. फुलात असताना ही प्रत्येक होडी एक सुटं किंजदल, म्हणजे फुलाचा बी धरणारा मादी भाग होती. टोमॅटो किंवा वांग्याच्या फुलात किंजदलं एकमेकांत मिसळून एकच फळ तयार होतं. इथं मात्र प्रत्येकाचं बिऱ्हाड शेवटपर्यंत वेगळं.

हे बाद्यान, म्हणजे इलिसियम वेरम, मूळचं दक्षिण चीन आणि व्हिएतनामचं. त्याची एक रानटी बहीण भारतात आहे, इलिसियम ग्रिफिथी. आपल्या सह्याद्रीत इलिसियमची एकही जात नाही. ही सापडते ती अरुणाचलच्या पश्चिम कामेंग, तवांग या भागांत, मेघालयात आणि भूतानमध्ये, बहुतेक दीड ते अडीच हजार मीटर उंचीवरच्या ओल्या जंगलात. सदाहरित मोठं झुडूप, कधी छोटा वृक्ष. पानं चामड्यासारखी जाड, चुरगळली की सुगंधी. मोनपा लोक तिला लिसी म्हणतात. तिच्या फळाला होड्या जास्त, बहुधा दहाच्या वर, आणि प्रत्येकीला वाकडी चोच.

नावातला ग्रिफिथ म्हणजे विल्यम ग्रिफिथ, ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. आसाम, खासी टेकड्या, भूतान असं प्रचंड भटकून त्यानं वनस्पती गोळा केल्या आणि १८४५ साली, पस्तिशीच्या आतच, मलाक्कात तो वारला. हूकर आणि थॉमसन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८५५ मध्ये या जातीचं वर्णन छापलं. गंमत म्हणजे जगभरच्या स्वयंपाकघरांत वापरल्या जाणाऱ्या बाद्यानला आजचं शास्त्रीय नाव मिळालं ते त्यानंतर, १८८८ मध्ये!

हूकरच्या काळात इलिसियमला चाफ्याच्या, म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या कुळात बसवत. दिसतंही तसंच: निदलं कुठली आणि पाकळ्या कुठल्या हे सांगता येऊ नये अशी भरपूर परिदलं, मळसूत्रासारखी रचलेली. पण १९९९ मध्ये डीएनएवर आधारलेले अनेक अभ्यास एकापाठोपाठ आले आणि सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षाचा बुंधा नव्यानं मांडला गेला. सर्वांत आधी फुटलेली फांदी न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या अँबोरेला या झुडपाची, मग कमळासारख्या दिसणाऱ्या कुमुदिनींची, आणि तिसरी जिच्यात इलिसियम येतं ती. चाफा यांच्यानंतरचा. कझाकस्तानात इलिसियमशी नातं सांगणाऱ्या बियांचे जीवाश्म मिळाले आहेत. ते सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचे, डायनासोरांच्या काळातले.

या जुनेपणाची सर्वांत सुंदर खूण बीजांडाच्या आत आहे. भाताच्या दाण्यातला जो भाग आपण खातो तो बहुतेक सगळा पुष्क असतो, म्हणजे भ्रूणासाठी बांधून दिलेली शिदोरी. बहुसंख्य सपुष्प वनस्पतींत या पुष्काच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, दोन आईचे आणि एक बापाचा. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे वर्षानुवर्षं नियम म्हणून पाठ केलं. २००२ मध्ये एका कुमुदिनीत आणि पुढे मेक्सिकोतल्या इलिसियममध्ये दिसलं की तिथं आईकडून एकच संच येतो. शिदोरीत दोघांचा वाटा सारखा.

म्हणून अशा झाडाला ‘आदिम’ म्हणावं का? मला हा शब्द खटकतो. फांदी जुनी असली तरी आजचं झाड आजचंच आहे. इलिसियमच्याच काही चिनी जातींची फुलं चक्क ऊब निर्माण करतात. चिलटासारख्या बारीक माश्या परागण करतात, फुलातच अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या त्या उबेत वाढतात. याला मागासलेपण कोण म्हणेल?

आता औषधाकडे वळू. जपानमध्ये इलिसियमची शिकिमी नावाची जात देवळांजवळ आणि स्मशानभूमीत लावतात. जपानमध्ये काम करणारे डच रसायनशास्त्रज्ञ एइकमान यांनी १८८५ मध्ये तिच्यातून एक आम्ल वेगळं केलं, तेच शिकिमिक आम्ल. वनस्पती, बुरशी आणि जिवाणू या आम्लाच्या वाटेनं काही आवश्यक अमिनो आम्लं बनवतात. प्राण्यांकडे ही वाटच नाही. शंभराहून अधिक वर्षांनी ओसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लू हे फ्लूवरचं औषध, बनवायला हेच आम्ल कच्चा माल ठरलं. ते भरपूर मिळतं बाद्यानमध्ये, त्यामुळे बर्ड फ्लूच्या धास्तीत, २००५ च्या सुमारास, बाद्यानचा भाव कडाडला. लिसीकडे संशोधकांचं लक्ष गेलं तेही याच आम्लामुळे.

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूनं पुण्यात दहशत बसवली तेव्हापासून ‘चक्रीफुलाचा काढा म्हणजे घरचा टॅमिफ्लू’ असा समज अधूनमधून डोकं वर काढतो. तो साफ चुकीचा आहे. शिकिमिक आम्लावर कारखान्यात अनेक रासायनिक प्रक्रिया झाल्यावर औषध तयार होतं. नुसतं आम्ल फ्लूच्या विषाणूला रोखत नाही.

काढ्याचा हट्ट धोक्याचाही आहे. शिकिमीच्या फळात अॅनिसाटिन नावाचं जहाल विष असतं. मेंदूतल्या चेतापेशींना शांत ठेवणाऱ्या गाबा या रसायनाचं काम ते अडवतं, आणि माणसाला झटके येतात. वाळलेली शिकिमी आणि बाद्यान नुसत्या नजरेनं वेगळं ओळखणं कठीण. २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये अशा भेसळीचा चहा पिऊन कित्येक जण आजारी पडले, काहींना फिट्स आल्या. २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानंही बाद्यानचा चहा पिऊ नका, असा इशारा दिला. लिसीचं फळही म्हणूनच परस्पर मसाल्यात किंवा काढ्यात टाकायची वस्तू नाही.

माझ्या मते खरी उत्कंठा याच विषापाशी सुरू होते. २००० मध्ये इलिसियमच्या एका चिनी जातीतून मेरिलॅक्टोन-ए हे संयुग मिळालं, २००९ मध्ये दुसऱ्या जातीतून जियाडिफेनोलाइड. उंदरांच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींना ही संयुगं दिली की पेशींचे तंतू अधिक फुटतात, लांबतात. जियाडिफेनोलाइडची रचना तर अॅनिसाटिनच्या अगदी जवळची. झटके आणणारा आणि चेतातंतू वाढवणारा रेणू एकाच घराण्यातला, तेव्हा दोघे गाबाच्याच दारावर कमीअधिक जोरानं थाप मारत असावेत, असा काही रसायनशास्त्रज्ञांचा तर्क आहे. स्मृतिभ्रंशासारख्या आजारांवर यातून काही हाती लागेल का, हे अजून पेशी आणि परीक्षानळीच्या टप्प्यावरच आहे. पण २०१५ मध्ये जियाडिफेनोलाइड अवघ्या आठ पायऱ्यांत ग्रॅमभर बनवून दाखवलं गेलं. शिकिमिक आम्लही आता जनुकं बदललेल्या जिवाणूंकडून बनवून घेता येतं.

म्हणजे औषधासाठी जंगल ओरबाडायची गरज कमी होते आहे. लिसीच्या फळांसाठी मात्र आजही व्यापारी येतात, आणि फळं उकलायच्या आत तोडली की बिया झाडाखाली पडतच नाहीत, त्या पोत्यात भरून जातात.