घार, गोफण आणि पॅट्रियट

मागच्या डिसेंबरात मावसभावाचं लग्न होतं, कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं रस्त्याला लागून असलेल्या एका लॉनवर. अक्षता पडायच्या आधी शूटिंगवाल्या पोरानं ड्रोन वर सोडला, सगळी पाव्हणी मंडळी माना वर करून बघतायत, करवल्या हात हलवतायत आणि तेवढ्यात कुठनं तरी एक घार आली. दोन घिरट्या घातल्या, मग वरनं पंजे पुढं करून अशी काय उतरली की ड्रोनचा एक पंखा उडाला आणि तो गरगरत मांडवामागच्या उसात गेला. तोडणीला आलेला ऊस, आत शिरलेला माणूस दिसत नाही तिथं ड्रोन कुठनं दिसणार, ते पोरगं दीड तासानं बाहेर आलं तेव्हा हातांवर पाल्याचे ओरखडे आणि जेवणाची शेवटची पंगत उठलेली. आमचे मामा म्हणाले, "हिला आमच्या मक्याच्या राखणीला ठेवा की गा."

आम्ही हसलो, पण नेदरलँड्सच्या पोलिसांनी २०१६ मध्ये खरोखर हेच केलं होतं, गरुड पाळले आणि त्यांना उडता ड्रोन धरायला शिकवलं. २०१७ संपेपर्यंत प्रकार बंद, कारण खर्च जास्त, गरज कमी आणि गरुड प्रत्येक वेळी ऐकेलच याची खात्री नाही. आपल्या लष्करानंही नोव्हेंबर २०२२ मध्ये उत्तराखंडात औलीला अमेरिकेबरोबरच्या सरावात अर्जुन नावाची शिकवलेली घार दाखवली होती.

मामांचा राखण हा शब्द मात्र माझ्या डोक्यातनं जाईना. ड्रोन अडवायच्या तंत्रज्ञानाचा जगभर जो बाजार उभा राहतोय तो शेवटी राखणीचाच धंदा आहे. जोंधळा दाण्यावर आला की माळ्यावर बसायचं, पाखरांचा थवा उतरला की गोफण फिरवायची. खडा फुकटचा असतो म्हणून ही राखण परवडते, प्रत्येक चिमणीमागं एक काडतूस घालवणारा शेतकरी सुगीच्या आधीच बसेल. आणि मोठमोठ्या सैन्यांचं नेमकं हेच होत आलंय. अमेरिकेचे जनरल डेव्हिड पर्किन्स यांनी २०१७ मध्ये एका भाषणात सांगितलं होतं की त्यांच्या एका मित्रदेशानं २०० डॉलरचा साधा ड्रोन पाडायला पॅट्रियट मिसाईल सोडलं. पॅट्रियटची किंमत साधारण ३० लाख डॉलर. म्हणजे आजच्या हिशोबानं सतरा-अठरा हजाराचं पाखरू आणि त्याच्यावर पंचवीस कोटींपेक्षा जास्तीचा खडा. ड्रोन पडला हे खरं, पण जिंकलं कोण?

बरं, आपल्याकडं हा विषय लांबचा राहिलेला नाही. २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर दोन ड्रोननी स्फोटकं टाकली, दोन जवान किरकोळ जखमी झाले आणि मग दिल्लीत सगळ्यांची झोप उडाली. पंजाबच्या सीमेवर रात्री ड्रोन येऊन अफू-हेरॉईनची पाकिटं टाकून जातात, पाकिस्तानच्या सगळ्या सीमेवर मिळून २०२३ मध्ये ११० च्या आसपास ड्रोन सापडले किंवा पाडले होते आणि २०२४ मध्ये तोच आकडा २६० च्या वर गेला. मग मे २०२५, ऑपरेशन सिंदूर, एका रात्रीत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आले असं सरकारनं सांगितलं. त्या रात्री कामाला आलेल्या हत्यारांत एल-७० तोफाही होत्या, मूळ बोफोर्सची, साठच्या दशकापासून आपल्याकडं असलेली ४० मिलिमीटरची तोफ, फक्त तिला आता नवीन रडार आणि कॅमेरे जोडलेत. मला ही गोष्ट लई आवडते. जुनी गोफण, नवीन डोळे.

डोळ्यांचं मी मुद्दाम म्हणतोय, कारण पाडणं हे नंतरचं काम, आधी दिसायला तर पाहिजे. रडार म्हणजे अंधारात ओरडायचं आणि प्रतिध्वनी ऐकायचा. आवाज जाताना पसरतो, येताना परत पसरतो, त्यामुळं अंतर दुप्पट झालं की परत येणारी शक्ती सोळापट कमी होते. आता मोठं प्रवासी विमान रडारला समजा १०० चौरस मीटरच्या पत्र्याएवढं दिसत असेल, तर लग्नातला प्लॅस्टिकचा ड्रोन ०.०१ चौरस मीटर, तळहाताएवढा. दहा हजारपट फरक. गणित केलं तर जे रडार विमान २०० किलोमीटरवर पकडतं ते हा ड्रोन फार तर २० किलोमीटरवर पकडेल, तेही कागदावर, कारण ड्रोन शंभर मीटरवरनं येतो, मध्ये टेकड्या, झाडं, बिल्डिंगी, सगळ्यांचे प्रतिध्वनी त्याच्यात मिसळतात. खरोखरीत दोन-चार किलोमीटर हाती लागतात. ताशी ७२ किलोमीटरनं येणारा ड्रोन दोन किलोमीटर १०० सेकंदांत कापतो. तेवढ्यात ओळखायचं, वरिष्ठांना विचारायचं आणि पाडायचं!

ओळखायचं हेच तर अवघड. संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन उभं राहा आणि परतणारे बगळे मोजा, रडारच्या पडद्यावर तो प्रत्येक बगळा ड्रोनएवढाच ठिपका असतो. मग फरक कसा करायचा तर पंखांवरनं. बगळा सेकंदाला दोन-तीनदा पंख हलवतो आणि ड्रोनचे पंखे मिनिटाला हजारो फेरे घेतात, त्या फिरण्यामुळं परत येणाऱ्या लहरींच्या वारंवारतेत एक बारीक थरथर उमटते, प्रत्येकाची वेगळी, आपण जिन्यावरच्या पावलांवरनं घरातलं माणूस ओळखतो तसं. ह्याला मायक्रो-डॉप्लर म्हणतात आणि आजच्या ड्रोन-रडारांची निम्मी अक्कल ह्यात आहे. बाकी मग ड्रोन आणि रिमोटमधलं रेडिओवरचं बोलणं ऐकणं, कॅमेऱ्यानं खात्री करणं. युक्रेननं तर खांबांवर हजारो मायक्रोफोन बसवलेत, इंजिनाच्या आवाजावरनं रशियानं सोडलेला, येऊन आदळून फुटणारा शाहेद ड्रोन कुठनं कुठं चाललाय ते कळतं. स्वस्त आणि भारी.

आणि हे डोळे नसले की काय होतं? डिसेंबर २०१८, लंडनचं गॅटविक विमानतळ. ड्रोन दिसला, परत दिसला, करत करत दीड दिवस धावपट्टी बंद, जवळपास एक हजार विमानं आणि १ लाख ४० हजार प्रवासी लटकले. ड्रोनवाला आजपर्यंत सापडला नाही. वर पोलिसांच्या साहेबांनीच नंतर कबूल केलं की लोकांना दिसलेले काही ड्रोन आमचेच, शोधायला सोडलेले असू शकतील.

आता अडवायचा सगळ्यात चालणारा प्रकार, जॅमर. ह्याला कोल्हापुरात समजावून सांगायची गरजच नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवर डॉल्बीसमोर उभं राहून फोनवर बोलायचा प्रयत्न केलाय? पलीकडचा माणूस तेवढ्याच आवाजात बोलत असतो, फक्त तुमच्या कानापर्यंत डॉल्बी आधी पोचते. जॅमर तेच करतो, ड्रोन ज्या २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर रिमोटचं ऐकत असतो तिथं नुसता गोंगाट ओततो. ऑपरेटर दोन किलोमीटरवर आणि जॅमर अर्ध्या किलोमीटरवर असेल तर जॅमरला सोळापट फायदा बसल्या जागी मिळतो. रिमोट ऐकू येईना झाला की ड्रोन बिचारा ठरवून दिलेलं करतो, थांबतो, खाली उतरतो नाहीतर घरी परत निघतो. जीपीएस पण दाबलं तर घर कुठं हेच कळत नाही आणि वारा नेईल तिकडं जातो. जीपीएस दाबणं त्यातल्या त्यात सोपं, उपग्रह २० हजार किलोमीटरवर, त्याची कुजबुज जमिनीवर पोचेपर्यंत जवळजवळ संपलेली असते. काही यंत्रं तर कुजबुजीच्या जागी खोटीच कुजबुज घालतात आणि ड्रोनला वाटतं आपण भलतीकडंच आहोत.

हे जॅमर मी जवळनं पाहिले ते शिवाजी उद्यमनगरात एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये, म्हणजे आख्खा जॅमर नाही, त्याचं घर. त्याच्या टेबलावर कूलंटचे डाग पडलेलं ड्रॉइंग होतं, ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातनं कोरून काढायचा डबा, एका बाजूला अंगठ्याच्या नखाएवढ्या अंतरावर उभ्या पातळ पात्या, कंगव्यासारख्या. मी म्हटलं हे काय रेडिएटर आहे काय, तो म्हणाला जवळपास तेच. जॅमरच्या आतला ॲम्प्लिफायर जेवढी वीज खातो त्यातली निम्म्याहून जास्त बऱ्याचदा गरमीत जाते, ती बाहेर काढली नाही तर दहा मिनिटांत जॅमर स्वतःच जाम. त्या पात्या दोन मिलिमीटर जाडीच्या, उंच, व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनवर, कापताना थरथरतात, एक वाकली की सगळा जॉब भंगारात. त्यानं तीन घालवले तेव्हा चौथा जमला. आणि ऑर्डर किती तर बारा नग! मोटारीच्या सुट्या भागांत आयुष्य गेलेल्या माणसाला बारा नगांची ऑर्डर म्हणजे चेष्टाच वाटते. मधल्या माणसाचं पेमेंट अजून यायचंय, ते वेगळंच.

बारा नग का, तर हा बाजार अजून तसाच आहे, दर सहा महिन्यांनी डिझाईन बदलतं कारण समोरचा ड्रोन बदलतो. सगळे जॅमर घेऊन बसले तर रशिया-युक्रेनच्या लढाईत २०२४ पासून फायबरवाले ड्रोन आले. ड्रोनच्या पोटात केसाएवढ्या काचतंतूचं रीळ, दहा-वीस किलोमीटर सुटत जातं आणि सगळं बोलणं त्या तंतूतनं. पतंगच म्हणा की, मांजा लावलेला! रेडिओ नाहीच तर जॅम काय करणार? लाखो-करोडोंचे जॅमर समोर ठेवून तो आरामात येतो. मग त्याच्यावर जाळं टाका, छऱ्याची बंदूक चालवा, नाहीतर ड्रोनवर ड्रोन सोडा. युक्रेनवाले आता शाहेदच्या मागं काही हजार डॉलरचे वेगवान ड्रोन सोडतात. शाहेदची किंमत २० ते ५० हजार डॉलर धरतात, म्हणजे पहिल्यांदाच खडा पाखरापेक्षा स्वस्त झाला.

थव्याला मात्र एकेक खडा पुरत नाही. आपल्या नागपूरच्या सोलर कंपनीनं भार्गवास्त्र बनवलंय, छोटी रॉकेटं एकदम झाडायची, १३ मे २०२५ ला ओडिशात गोपाळपूरला चाचण्या झाल्या. डीआरडीओनं त्याच्या महिनाभर आधी कर्नूलला ३० किलोवॅटच्या लेझरनं ड्रोन पाडून दाखवला. लेझरचं कौतुक असं की गोळीचा खर्च नाही, विजेचं बिल तेवढं. पण किरण एकाच जागी काही सेकंद धरून ठेवावा लागतो आणि मध्ये धुकं, धूळ, पाऊस आला की ताकद वाटेतच विखरून जाते. जुलैत गगनबावड्याला लेझर लावून बघा म्हणावं, समोरची म्हैस दिसत नाही.

मला जास्त चिंता वाटते ती गर्दीची. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर लाखो माणूस, गुलालानं आभाळ लाल, उंचच्या उंच सासनकाठ्या नाचतायत आणि वर एक अनोळखी ड्रोन. गोळी चालवायचा प्रश्नच नाही, खाली माणसं. जॅम केला तर तो कुठं उतरेल सांगता येत नाही, आणि पोलिसांच्या स्वतःच्या ड्रोनचा रिमोटही त्याच गोंगाटात बुडणार. म्हणून इस्रायलच्या डी-फेंडसारख्या कंपन्या वेगळं काहीतरी विकतात, ड्रोनची भाषा ओळखून लगाम आपल्या हातात घ्यायचा आणि त्याला बाजूच्या मोकळ्या माळावर हळूच उतरवायचं. मस्तच, पण भाषा ओळखीची असेल तर. कुणी घरी जुळवलेला, स्वतःची भाषा बोलणारा ड्रोन आला तर परत पहिल्यापासनं. आणि एखाद्या मंडळानं किंवा साखर कारखान्यानं स्वतःच जॅमर आणून बसवावा म्हटलं तर तेही नाही, आपल्याकडं खासगी माणसाला वा संस्थेला जॅमर घ्यायला आणि वापरायला परवानगीच नाही. त्यामुळं भारतात गिऱ्हाईक एकच, सरकार. टेंडर, चाचणी, परत टेंडर.

परदेशात मात्र शेअर बाजाराला ह्याचं वेड लागलंय. पोलिसांना टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारी बंदूक, विकणाऱ्या ॲक्सॉननं २०२४ मध्ये डिड्रोन नावाची ड्रोन शोधणारी कंपनीच विकत घेतली. ऑस्ट्रेलियाच्या ड्रोनशील्डचा शेअर २०२५ मध्ये कित्येक पटींनी वर गेला, सप्टेंबरात पोलंडमध्ये रशियाचे ड्रोन घुसले, कोपनहेगनचं विमानतळ काही तास बंद पडलं, सगळा युरोप घाबरला आणि अशा कंपन्यांकडं चौकशा वाढल्या. नोव्हेंबरात मात्र ड्रोनशील्डच्या सीईओनं आणि संचालकांनीच आपले शेअर विकले आणि भाव धाडकन आपटला. आमच्या मित्रानं ही बातमी वाचून दाखवली आणि म्हणाला, "बघ, राखण करणाऱ्यानंच कणसं मोडली."

परवा त्याच्याकडं गेलो तर तेच ड्रॉइंग सुधारून परत आलेलं. पात्या सहा मिलिमीटरनं उंच, म्हणजे डबा उन्हात तापत असणार, जाडी मात्र कमी करून दीड मिलिमीटर. आता त्या आणखी थरथरणार. नग चाळीस. तो कागद उलटा-सुलटा करून बघत होता, कापताना जॉब धरून ठेवायचं फिक्स्चर नवीन करावं लागेल म्हणाला, आणि आधीच्या बारा नगांचे पैसे आल्याशिवाय ॲल्युमिनियम मागवणार नाही म्हणाला. तेवढ्यात पोरगा चहा घेऊन आला आणि आम्ही दोघं शटरच्या बाहेर येऊन उभं राहिलो.