आंबा घाटाच्या अलीकडचे तास

लांज्यात किंवा संगमेश्वरात रात्री कुणाच्या बेंबीच्या वर कळ उठली, की निदान घरातच होतं: पित्त झालंय. मग कोकमाचं सरबत, सोडा, अ‍ॅसिडिटीची गोळी. कळ पाठीत शिरते, उलट्या थांबत नाहीत, पुढे वाकून बसलं तरच जरा बरं वाटतं. दुखणं स्वादुपिंडाचं आहे हे उजाडल्यावर कळतं, रक्तातलं लायपेज हे स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य तिपटीहून वाढलेलं दिसल्यावर. रुग्ण गंभीर असला तर पुढे आंबा घाट चढून कोल्हापूर.

स्वादुपिंडात बनणारा ट्रिप्सिन हा पाचक रस आतड्यात गेल्यावरच जागा व्हायचा असतो. पित्ताशयातला खडा नळीत अडकला किंवा दारूने पेशी दुखावल्या, की पेशींतलं कॅल्शियम वाढतं, ट्रिप्सिन जागच्या जागी कामाला लागतं आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. (त्रिनिदादमध्ये हेच एका विंचवाच्या दंशाने होतं, आपला लाल विंचू हृदयावर जातो.) बहुतेकांचा आजार इथेच निवळतो. उरलेल्यांत मात्र इंटरल्यूकिनसारखी दाहक रसायनं रक्तात उतरतात, रक्तवाहिन्या पाझरतात, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ढासळतात.

हा दाह रोखायला लेक्सिपाफांट हे औषध ब्रिटनमध्ये मोठ्या आशेने तपासलं गेलं, आणि फसलं. चाचणीत आलेल्या 44 टक्के रुग्णांचा एखादा अवयव आधीच निकामी होत होता. औषधाने रोखायचं काय? उलट, नळीतला खडा दुर्बिणीने काढताना कधीकधी हाच आजार उद्भवतो. तिथे घटका आधीच ठाऊक असते. 2012 सालच्या अमेरिकी चाचणीत तपासणी संपताच गुदद्वारातून इंडोमेथासिन दिलं, तेव्हा आजाराचं प्रमाण 16.9 वरून 9.2 टक्क्यांवर आलं. औषध जुनं, स्वस्त. वेळ तेवढी नेमकी.

कॅल्शियमची दारं बंद करणारं ऑक्सोरा आणि संधिवातातलं इन्फ्लिक्सिमॅब यांना याच शर्यतीत उतरवलंय. आपल्याकडे युलिनास्टॅटिन हे औषध वापरतात, पण त्याचा पुरावा मला लेचापेचा वाटतो.

तोवर भरवसा सलाइनवर, आणि तेही बेताने. 2022 सालच्या वॉटरफॉल चाचणीत भरमसाट द्रव दिलेल्या 20.5 टक्के रुग्णांच्या अंगात पाणी साचलं, बेताने दिलेल्यांत 6.3 टक्के. वापरलं होतं रिंगर लॅक्टेट हे नेहमीच्या वापरातलं सलाइन. त्याची बाटली तालुक्याच्या दवाखान्यातही असते. घाट चढण्याआधीच लावता येते.