उणे दहाचा हिशोब, बेळगावच्या गच्चीवर

दिवाळी उरकली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांचे हिमालयाचे बेत शिजू लागतात. कुणी केदारकांठा म्हणतं, कुणी संदकफू. स्लीपिंग बॅग येते, मॅट येते, तंबू येतो आणि बहुतेक वेळा सगळं घडी न मोडता सॅकमध्ये जातं. निघायच्या आधी एकदा वापरून तरी बघ म्हटलं, तर उत्तर ठरलेलं: इथं थंडी आहे कुठं?

शंका रास्त आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२-१४ अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या वर्षी १० च्याही खाली. केदारकांठ्याचा माथा ३८०० मीटरवर. हिवाळ्यात तिथल्या मुक्कामी रात्री उणे दहाची तयारी ठेवावी लागते. मग १२ अंशांत झोपून उणे दहाचं काय कळणार?

बरंच कळतं. फक्त अंश न मोजता फरक मोजायचा.

झोपलेलं माणूस साधारण ७०-८० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं. अंथरूण-पांघरूण ऊब तयार करत नाही, ते या उष्णतेच्या वाटेत अडसर घालतं. कातडीचं तापमान ३३ अंशांच्या आसपास असतं. बाहेर १२ अंश असतील तर फरक २१ अंशांचा, उणे १० असेल तर ४३ अंशांचा. उष्णता किती वेगानं निसटणार हे या फरकावर ठरतं. म्हणजे तेवढीच ऊब टिकवायला हिमालयात बेळगावच्या दुपटीहून थोडा जास्त अडसर लागतो.

यातून निघणारी कसोटी जरा उलटी आहे. जी बॅग उणे दहाला पुरणार, ती बेळगावात सहन होता कामा नये. १२ अंशांत आत शिरून गळ्यापर्यंत चेन ओढली, डोक्याची टोपी आवळली, तर अर्ध्या-पाऊण तासात घाम फुटून चेन उघडावी लागली पाहिजे. शरीराची उष्णता बाहेर पडायला वाटच नसते, दुसरं काय होणार? उलट सगळं बंद करून सकाळपर्यंत गाढ झोप लागली, तर घरचे म्हणतील ‘झकास बॅग आहे’. पण ती बॅग १२ अंशांचीच आहे, उणे दहाची नाही. पिशवीवर काहीही छापलेलं असो.

छापलेल्या आकड्यांचंही एक गणित आहे. आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बॅगची चाचणी माणसावर होत नाही, आतून तापवलेल्या पुतळ्यावर होते. थंड खोलीत पुतळ्याला बॅगेत झोपवतात, त्याचं तापमान टिकवायला किती वीज लागते ते मोजतात आणि त्यावरून तीन मुख्य आकडे काढतात. ‘कम्फर्ट’ हा प्रमाणित स्त्रीसाठी निवांत झोपेचा आकडा. ‘लोअर लिमिट’ हा प्रमाणित पुरुष अंग मुडपून कशीबशी रात्र काढेल तो. आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचण्यापुरता. त्या थंडीत शरीराचं तापमान धोकादायक पातळीला घसरू शकतं. दुकानात सगळ्यात मोठ्या अक्षरांत बरेचदा हा तिसरा आकडा दिसतो. विकत घेताना बघायचा तो पहिला. बायका असोत की बाप्ये, माझं मत तेच.

आणखी एक गोष्ट खरेदीच्या भरात राहून जाते: तो पुतळा उघड्या जमिनीवर नसतो. त्याच्या अंगात पातळ कपडे असतात आणि खाली मॅट असते. मॅट नसेल तर बॅगेवरचा आकडा नुसता कागदावरचा.

खानापूरकडे भातराखणीला शेतावर झोपणाऱ्या म्हाताऱ्यांना हे मानकाशिवाय ठाऊक असतं. खाली हातभर भाताची पिंजर, त्यावर वाकळ आणि अंगावर एक घोंगडं, बस्स. अंगावर दोन रगांचा ढीग घेऊन कुडकुडणाऱ्या शहरी पाहुण्याला तिथं सल्ला मिळतो, ‘‘वर कशाला घालूलायस एवढं? खाली घाल की!’’ त्यामागचं विज्ञान सरळ आहे. ऊब धरते ती अडकून पडलेली हवा. अंगाखालच्या बाजूला बॅगेतली पिसं किंवा फायबर वजनानं चपटं होतं, हवा निघून जाते, आणि पाठीला उरतं फक्त कापड. खालची सगळी जबाबदारी मॅटवर येते.

मॅटची उष्णता अडवायची ताकद ‘आर-व्हॅल्यू’नं मोजतात. एक गरम आणि एक थंड पाटी, मध्ये मॅट, आणि किती उष्णता आरपार जाते त्याची नोंद, अशी ती चाचणी. आता ढोबळ हिशोब करू. जमीन शून्य अंशावर आहे, अंगाचा ०.४ चौरस मीटर भाग जमिनीला टेकला आहे आणि आर-व्हॅल्यू २ आहे असं धरलं, तर एकट्या पाठीवाटे ३५ वॅटच्या आसपास उष्णता जाते. शरीर तयार करतं त्याच्या जवळजवळ निम्मी! आर-व्हॅल्यू ४ केली की गळती निम्म्यावर येते. शिवाय आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते. हवेच्या मॅटखाली फोमची साधी मॅट टाकली की दोन्हींचे आकडे मिळवायचे, आणि हवेची मॅट रात्रीत फुसकली तरी फोम शिल्लक राहतो. दोन-तीन हजार रुपये हाताशी असतील तर महागड्या बॅगेआधी मॅट बघावी, असं म्हणणाऱ्यांपैकी मी एक.

गच्चीवर तपासताना एक फसगत होते. स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री अकरापर्यंत मॅटला खालून शेक मिळतो. म्हणून खरी नोंद पहाटे चार-पाचची. जाग आली की आधी पाठीखाली हात घालायचा. गार लागतंय ते नेमकं कुठं? कंबर आणि खांदे खालून गार पडले असतील तर दोष मॅटचा. गळ्याशी वारं शिरत असेल तर बॅगेची कॉलर सैल. नुसते पाय गार असतील तर बॅग उंचीला फार लांब आहे किंवा मोजे ओलसर आहेत. झोपेतून उठून एवढं वहीत लिहायचं जिवावर येतं, पण सकाळी यातलं काही आठवत नाही.

आता हवामानाच्या आकड्याकडे. सांबरा वेधशाळेचा किमान आकडा १३ आला म्हणजे आपण झोपलो तिथं १३ होते असं नाही. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, हवेशीर लाकडी पेटीत असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांतून थेट आकाशात सोडते, आणि गवताच्या पातीजवळचं तापमान त्या पेटीतल्यापेक्षा काही अंश खाली जातं. थंड हवा जड, म्हणून ती उतारावरून सखल भागात साचते. अशा रात्री मार्कंडेय नदीकाठच्या शेतात जास्त गारवा असतो आणि राजहंसगडाच्या माथ्यावर कमी. चाचणीसाठी थंडी हवी असेल तर डोंगर चढण्याऐवजी खोलगट मळा शोधावा. तीन-चारशे रुपयांचा, आर्द्रताही दाखवणारा डिजिटल तापमापक उशाशी ठेवला की वर्तमानपत्रातल्या आकड्यावर भिस्त उरत नाही.

या बाबतीत आपला जिल्हा नशीबवान. पश्चिमेला कणकुंबी, जांबोटी, चोर्ल्याचा दमट पट्टा. पूर्वेला अथणीकडचं कोरडं माळरान. कोरड्या हवेत बाष्प कमी, म्हणून जमिनीची उष्णता आकाशात अधिक सहज निसटते. थंडी तपासायची ती तिकडे. तंबू तपासायचा तो कणकुंबीकडे, कारण तंबूची खरी परीक्षा दव घेतं. (भीमगड अभयारण्याची हद्द मात्र सोडून. एखाद्या ओळखीच्याच्या शेतात, त्याला विचारून.)

सकाळी तंबूच्या आतल्या बाजूला पाणी दिसलं की पहिला संशय ‘गळतोय’ असा येतो. बहुतेकदा ते आपलंच पाणी असतं. श्वासातून आणि कातडीवाटे एक माणूस रात्रभरात पाव लिटरच्या आसपास बाष्प सोडतं. दोघं असतील तर अर्धा लिटर. २० अंशांची हवा दर घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरू शकते, शून्य अंशाची जेमतेम ५ ग्रॅम. उरलेलं कुठंतरी टेकणारच, आणि टेकतं ते सगळ्यात थंड जागी. निरभ्र रात्री तंबूचं वरचं कापडही जमिनीसारखीच आकाशात उष्णता सोडतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. म्हणून बाहेरून दव आणि आतून घाम.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एकाच शेतात दोन तंबू लावावेत, एक मोकळ्यावर आणि एक दाट पानांच्या आंब्या-फणसाखाली. सकाळी मोकळ्यावरचा ओलाचिंब आणि झाडाखालचा बराचसा कोरडा मिळण्याची शक्यता जास्त, कारण त्याच्या डोक्यावर गार आकाश नव्हतं, कोमट पानं होती. वाळक्या फांद्या वर नाहीत ना, तेवढं आधी बघायचं. थंडी वाजते म्हणून तंबूची जाळी-खिडकी गच्च बंद करणं हा ओल्या बॅगेचा राजमार्ग. खालून-वरून वारं फिरू द्यावं. आणि बंद तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग.

ओलीचा खरा हिशोब एका रात्रीत होतही नाही. पिसांची बॅग रोज थोडं बाष्प पिते, पिसांचे गुच्छ चिकटतात, फुगवटा बसतो. घरी आपण सकाळी बॅग उन्हात टाकतो आणि चाचणी तिथंच फसते. लांबच्या चालीवर ऊन मिळेलच असं नाही. म्हणून सलग तीन रात्री झोपावं, सकाळी बॅग न वाळवता लगेच पिशवीत कोंबावी आणि रोज अंथरल्यावर तिची जाडी पट्टीनं मोजावी. तिसऱ्या दिवशी ती डोळ्यांना दिसेल इतकी खचली असेल तर वाटेत वाळवायचा बंदोबस्त हवा. लोकर इथं सरस ठरते, कारण ती वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास बाष्प शोषूनही अंगाला ओली लागत नाही. धनगरी घोंगड्याची कीर्ती उगाच नाही. पण ते पाठीवर घेऊन आठवडाभर चढायचं म्हटलं की कीर्ती विसरायला होते.

झोपताना गरम पाण्याची बाटली घेण्याची युक्तीही आकड्यांत बघण्यासारखी आहे. एक लिटर पाणी ६० अंशांवरून ३५ वर येताना सुमारे १०५ किलोज्यूल उष्णता देतं, म्हणजे तीन तास जेमतेम १० वॅट. रात्र त्यावर निघत नाही, पण गारठलेले पाय झोप येईपर्यंत निभावतात. झाकण गळत नाही ना, हे घरीच उलटी करून बघावं.

काही गोष्टी बेळगावात तपासताच येत नाहीत. विरळ हवेत झोप कशी लागते, हे तिथं गेल्यावरच कळणार. दरवर्षी कुणीतरी शहाणा बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रात्र काढायची कल्पना काढतो. तिथं दोन-चार अंश मिळतात हे खरं, पण साठवलेले बटाटेही श्वसन करतात, बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि थंडाव्यासाठी बरेचदा अमोनिया खेळवलेला असतो. त्या वाटेला जाऊ नये. हेडटॉर्च मात्र घरच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून बघता येते. तिथं उणे १८ च्या आसपास असतं आणि साधे अल्कलाइन सेल किती लवकर मान टाकतात ते लगेच समजतं; लिथियमचे जास्त तग धरतात.

गॅसचा डबा फ्रीजरमध्ये ठेवायचा नाही, त्याची परीक्षा कागदावरच होते. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, आयसोब्यूटेन उणे १२ च्या सुमाराला, प्रोपेन उणे ४२ ला. त्याखालच्या थंडीत गॅस डब्यात द्रवरूपातच पडून राहतो. डब्यावर नुसतं ब्यूटेन लिहिलेलं असेल, तर त्यावर बेळगावच्या टिळकवाडीत चहा उकळेल, बर्फावर नाही.